चूल आणि खानेसुमारी



मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ साठाव्या किलोमीटरच्या आसपास येते आणि बदलापूर अडुसष्टाव्याच्या; या दोहोंमधल्या सात-आठ किलोमीटरांत, १८५६ साली रूळ पडल्यापासून गाडी ज्याच्या शेजारून धावत गेली पण ज्याच्यासाठी थांबली नाही, असे मौजे चिखलोली आहे. एके काळी भाताची खाचरे, डोंगराकडील पाडे आणि पुढे अंबरनाथला पाणी पुरविणारे एक धरण एवढीच ज्याची ओळख होती, त्या गावाच्या शिवारात आज औद्योगिक वसाहत आहे, इमारतींच्या रांगा आहेत, आणि कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाच्या योजनेत त्याच्या नावाचे एक स्थानकही मंजूर झालेले आहे. ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते त्यांनी आयुष्यभर याच परिसरातील मुलांना शिकविले. तेव्हा या परिसरात माणसे कोठून आली, कशी आली आणि येथे येऊन त्यांचे घर नावाचे जे काही होते त्याचे काय झाले, हाच विषय आज आपल्यापुढे मांडावा असे मी योजिले आहे.

लोकसंख्येविषयी बोलताना आपण सामान्यतः माणसांची डोकी मोजतो. शहर किती वाढले असे कोणी विचारले तर उत्तर लाखांत येते, आणि लाखाचा आकडा ऐकला की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी जाणले असे समाधान वाटते. माझे म्हणणे असे आहे की, आपल्या या भागापुरते तरी, माणसांच्या संख्येपेक्षा चुलींची संख्या अधिक बोलकी आहे. आणि कोकणच्या किनाऱ्यावरील एखादे छोटे शहर व मुंबईच्या टोकाशी वसलेले बदलापूर ही दोन निराळी शहरे नसून एकाच कुटुंबाच्या दोन ओसऱ्या आहेत, हे चुलींकडे पाहिल्यावाचून दिसत नाही.

तरीही आरंभ डोक्यांपासूनच केला पाहिजे, कारण जे आकडे आपल्या हाती आहेत ते प्रथम तसे आहेत. २००१ आणि २०११ या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या बेटाची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. ती वाढली नाही, घटली. उपनगर जिल्हा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला. त्याच दशकात उल्हासनगर ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेले, म्हणजे वाढ सात टक्क्यांच्या आतच राहिली. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर गेले, म्हणजे चोवीस टक्के. आणि कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर, म्हणजे तब्बल अठ्ठ्याहत्तर टक्के. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात, दहा-बारा किलोमीटरांत सारा प्रवास संपतो, आणि एवढ्या अंतरात वाढीचे मान सात, चोवीस, अठ्ठ्याहत्तर असे चढत जाते. महाराष्ट्राची वाढ या दशकात सोळा टक्के होती आणि राज्यात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांचे सरासरी प्रमाण अलीकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ इतके खाली आलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बदलापूरची वाढ पाळण्यांमुळे झालेली नाही, ती सामान बांधून आलेल्या संसारांमुळे झाली आहे, यात शंका उरत नाही.

(येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्या हद्दीत घालण्यात आले आणि १९९२ साली ते पुन्हा वेगळे काढण्यात आले; त्यामुळे १९९१ च्या खानेसुमारीत या दोन्ही गावांची माणसे कल्याणच्या बेरजेत आहेत. जुने आकडे चाळणाऱ्या अभ्यासकाने हद्दीचा इतिहास पाहिल्याशिवाय वाढीची टक्केवारी काढू नये.)

आता दृष्टी दक्षिणेकडे वळवू. ज्या दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर जाऊन देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला, त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरला. दोन्ही मिळून एक लाखाहून थोडी अधिक माणसे कमी झाली. रत्नागिरी शहर मात्र ७० हजारांवरून ७६ हजारांवर गेले. पण राज्यातील एकंदर नागरी लोकसंख्या जेव्हा तेवीस टक्क्यांहून अधिक वाढत होती तेव्हा एका जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाने आठ-नऊ टक्क्यांनी वाढावे, यावरून ते शहर आपल्या जिल्ह्यातील माणसे धरून ठेवू शकत नाही हे उघड आहे. किनाऱ्यावरील छोट्या शहराचे हे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. तेथे न्यायालय आहे, जिल्हा परिषद आहे, बंदर आहे, महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत. खेड्यातील वृद्ध जोडपे डॉक्टर जवळ असावा म्हणून तेथे दोन खोल्यांची सदनिका घेते, मुलगी शिक्षणासाठी तेथे तीन वर्षे राहते, तालुक्याचा शिक्षक बदली होऊन तेथे येतो. परंतु शिक्षण संपले की मुलगी पुण्या-मुंबईस जाते आणि वृद्ध जोडप्याचा मुलगा आधीच ठाण्याच्या बाजूस गेलेला असतो. घरे वाढतात, पण घरांतील माणसे थोडी असतात. अशा शहरात मोजायचे काय हा प्रश्न खानेसुमारीच्या अधिकाऱ्याला तितका पडत नाही जितका नगर परिषदेला पडायला हवा.

कोकणातून मुंबईस जाणे नवे नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६, आणि ठाण्यात ८८६, मुंबई शहरात ८३२. गेल्या शंभर वर्षांची कहाणी या चार आकड्यांत आहे. गिरणीच्या काळात पुरुष एकटा जाई. तो परळ-लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत राही, जेथे एकाच गावच्या वीस-पंचवीस इसमांच्या ट्रंका भिंतीशी लावलेल्या असत आणि पाळीपाळीने झोपणे असे. जेवण खानावळीत होई, आणि त्या खानावळी ज्या स्त्रिया चालवीत त्यांची संघटना म्हणून पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या पुरुषाची चूल मात्र गावी राही. बायको, मुले, आईबाप, शेत आणि देव्हारा गावी, आणि मनिऑर्डर दरमहा गावी. अशा कुटुंबाचा पुरुष मुंबईत मोजला जाई व चूल रत्नागिरीत. चूल एकच होती. तिचा धूर एकाच छपरातून निघत होता, म्हणून अर्ध्या कुटुंबाच्या देशांतराने घर मोडले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जे घडले ते वेगळ्या जातीचे होते. गिरण्या पुढे क्रमाने मिटल्या, चाळी पुनर्विकासात गेल्या, भावाभावांत खोली वाटून घेणे अशक्य झाले. एकाने खोली ठेवायची आणि दुसऱ्याने पैसे घेऊन जायचे, आणि ज्याने पैसे घेतले त्याला त्या पैशांत घर डोंबिवलीला मिळेना तर अंबरनाथला, अंबरनाथला मिळेना तर बदलापूरला, असा हा प्रवास लोहमार्गाच्या कडेकडेने पुढे सरकला. बेटाच्या लोकसंख्येतील घट आणि बदलापूरच्या लोकसंख्येतील अठ्ठ्याहत्तर टक्के या दोहोंना जोडणारे सूत्र येथे सापडते. या वेळी एकटा पुरुष गेला नाही. नवरा, बायको आणि एक-दोन मुले असा सगळा संसार गेला, त्याने नवी चूल मांडली, आणि गावची किंवा चाळीतली जुनी चूल मागे राहिलेल्यांसाठी पेटतच राहिली. एका चुलीच्या दोन झाल्या, कित्येक घरांत तीन झाल्या.

ही गोष्ट देशभर घडत आहे. २००१ ते २०११ या काळात भारताची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. कुटुंबांची संख्या १९ कोटी २० लाखांवरून २४ कोटी ६७ लाखांवर, म्हणजे २८ टक्क्यांहून अधिक वाढली. दर कुटुंबामागे माणसे पाचांच्या वर होती ती पाचांच्या किंचित खाली आली. महाराष्ट्रात २०११ साली २ कोटी ३८ लाख कुटुंबे नोंदली गेली. आणि खानेसुमारीच्या दृष्टीने कुटुंब कशाला म्हणायचे याची कसोटी फार जुनी व फार सरळ आहे: जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचे जेवतात ती एक कुटुंब. गणना करणारा शिक्षक दारात येऊन जे विचारतो ते रक्ताचे नाते नव्हे. स्वयंपाक एकत्र होतो की निराळा, हे त्याला हवे असते.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात ही चूल आहेच. पण तिच्या जोडीला आणखी काही गोष्टी आहेत. एक छप्पर, एक स्वयंपाक, सामायिक मालमत्ता, सामायिक देवपूजा आणि परस्परांचे नाते, असा तो समुच्चय आहे. बदलापूरच्या एखाद्या नव्या इमारतीतील, मूळ संगमेश्वर किंवा देवगड तालुक्यातील कुटुंबाला ही कसोटी लावून पाहावी. छप्पर वेगळे झाले आहे. स्वयंपाक वेगळा झाला आहे. परंतु गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे नऊ किंवा अकरा वारसांची नावे सामायिक लागलेली आहेत आणि त्यांतील कोणीही आपला हिस्सा मोजून मागितलेला नाही. गणपती आजही मूळ घरीच बसतो, आणि त्या पाच-सात दिवसांसाठी बदलापूर, दिवा, विरार येथून सारे जातात. शिमग्याला पालखी दारी यायची असेल तर कोणीतरी घर उघडायला जातेच. म्हणजे मालमत्ता एक, देव एक, नाते एक; चूल आणि छप्पर मात्र तीन ठिकाणी. एकत्र कुटुंब संपले असे आपण गेली पन्नास वर्षे म्हणत आलो. मला ते म्हणणे पटत नाही. जे संपले ते एकत्र राहणे. एकत्र असणे नव्या रीतीने चालू आहे, आणि ते चालू ठेवण्यासाठी माणसे आपली रजा, आपला पगार आणि आपले आरोग्य खर्चत आहेत, याचा कोणत्याही सरकारी तक्त्यात हिशेब नाही. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेच्या गणपतीतील जादा गाड्यांची गर्दी हाच काय तो या कुटुंबाचा वर्षातून एकदा होणारा दृश्य पुरावा.

शिधापत्रिकेचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. कित्येक कुटुंबांत गावचे घर चालू दिसावे म्हणून काही नावे तेथल्या पत्रिकेवर ठेवलेली असतात, मतदानही तेथेच असते, आणि प्रत्यक्ष माणूस सहा वाजून काही मिनिटांच्या लोकलने बदलापूरहून निघून रात्री नऊला परत येतो. कागदावर तो रत्नागिरी जिल्ह्याचा. पाणी पितो तो बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे.

आपल्या तीन शहरांत चूल एकाच रीतीने आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. उल्हासनगर हे १९४२-४३ च्या सुमारास उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले शहर आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला हे नाव मिळाले. तेथे कुटुंबे एकदम आली, पुष्कळदा सगळे गोत घेऊन आली, आणि पुढील पिढ्यांची वाटणी एकाच बराकीत आडव्या भिंती घालून झाली. शहराचे क्षेत्रफळ अवघे तेरा चौरस किलोमीटर. आडव्या भिंती घालण्याची सोय संपली तेव्हा इमारती उभ्या चढल्या, त्यांतील अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तरीही जागा न पुरल्याने नवी जोडपी पुढच्या स्थानकांकडे निघाली. वाढीच्या त्या सात टक्क्यांचा अर्थ तेथे घरे विभागली नाहीत असा नाही. विभागलेल्या घरांचा दुसरा भाग शहराच्या हद्दीबाहेर मोजला गेला, असा आहे.

अंबरनाथला शिलाहारांनी शके ९८२ मध्ये बांधलेले शिवालय आहे, परंतु आजचे अंबरनाथ कारखान्यांनी आणले. धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना, विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, १९५३ चा यंत्रसामग्रीचा सरकारी कारखाना. येथे संसार नोकरीच्या मागे आला आणि निवृत्तीनंतरही बहुधा येथेच राहिला, म्हणून येथील जुन्या वस्तीत आजोबा-आजी अजून घरात दिसतात. बदलापुरात कुटुंब येते ते घराच्या किमतीमुळे. नोकरी पन्नास-साठ किलोमीटर दूर असते, आईवडील तीनशे किलोमीटर दूर असतात. अशा घरात मूल झाले की त्याला सांभाळणार कोण? पाळणाघर, शेजारीण, किंवा आलटूनपालटून गावाहून येणारी आई आणि सासू. त्या आईने दोन महिने बदलापुरात राहायचे ठरविले की गावी एकटे उरतात ते वडील. अशा तऱ्हेने एका अर्भकासाठी दोन घरांची घडी विस्कटते, आणि ही घडी पुन्हा बसविण्याचे काम जवळजवळ नेहमी स्त्रियांच्या वाट्याला येते. पहाटे चारला उठून दोन डबे भरणारी, मुलाला पाळणाघरात सोडून गाडी पकडणारी आणि रविवारी सासऱ्यांची औषधे दूरध्वनीवरून तपासणारी स्त्री खानेसुमारीच्या तक्त्यात ‘काम करणारी’ अशा एका सदरात बसते. मला वाटते, या शहराचा खरा आर्थिक पाया तिच्या या वेळापत्रकावर उभा आहे.

चुलींची वाढ डोक्यांच्या वाढीपेक्षा वेगवान असली की नगर परिषदेचे सारे गणित बदलते. पाण्याची मागणी आपल्याकडे दरडोई लिटरांत ठरते. परंतु चार माणसांचे एक घर आणि दोन-दोन माणसांची दोन घरे यांचे पाणी सारखे नसते. दोन घरांत दोन संडास असतात, दोन ठिकाणी भांडी घासली जातात, दोन ठिकाणी लादी पुसली जाते. कचरा, वीज, गॅसचे सिलिंडर, दुचाकी ठेवायची जागा ही सर्व मागणी चुलीबरोबर वाढते. बारवी धरणाची उंची वाढविताना मुरबाड तालुक्यातील गावे-पाडे उठले; त्या माणसांनी जे घर सोडले त्याच्या बदल्यात मिळालेले पाणी कोणत्या हिशेबाने वाटायचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक समजून चालणार नाही. त्या विस्थापितांचे ऋण ज्या शहरांवर आहे त्यांनी निदान आपली मागणी खरी मोजली पाहिजे.

दुसरी बाब कुलूपबंद घरांची. २०११ साली देशात सुमारे ३३ कोटी घरे मोजली गेली आणि त्यांतील २ कोटी ४६ लाख रिकामी होती, त्यांत १ कोटी ११ लाख नागरी भागातील. कोकणातले कौलारू घर रिकामे असते कारण माणसे बदलापूरला गेली. बदलापूरची सदनिका रिकामी असते कारण ती गुंतवणूक म्हणून घेतलेली आहे. एकाच सदरात या दोन्ही गोष्टी जातात. पहिल्या घराला वर्षातून दोनदा माणसाचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या मालकाचे मन तेथे असते. दुसऱ्या घरामुळे शेजारच्या भाडेकरूला जागा महाग पडते. धोरण करणाऱ्याने यांतील भेद केलाच पाहिजे.

२०२१ ची खानेसुमारी झाली नाही, आणि त्यामुळे मी आज आपल्यापुढे जे बोलतो आहे ते सारे २०११ च्या आधारावर बोलतो आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी अखंड चालत आलेली ही परंपरा प्रथमच इतकी खंडित झाली, याची खंत मला वाटते. आता १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा क्षण नव्या गणनेसाठी मुक्रर झाला आहे, आणि घरांची यादी करण्यासाठी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळातील तीस-तीस दिवस राज्यांना दिलेले आहेत. सोळा वर्षांचे अंतर म्हणजे बदलापुरात एका पिढीचे शालेय शिक्षण. २०११ साली जे मूल पाळणाघरात होते ते २०२७ मध्ये महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असेल, आणि त्याच्यासाठी शाळेचे वर्ग, खेळाचे मैदान, ग्रंथालय यांची जी आखणी व्हायला हवी होती ती जुन्या आकड्यांवर झाली किंवा झालीच नाही.

मात्र देशाच्या खानेसुमारीची वाट पाहत नगर परिषदांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. मालमत्ता कराची आकारणी, नळजोडण्यांचे दफ्तर, जन्ममृत्यूची नोंदवही आणि शाळांची पटसंख्या ही चार दफ्तरे प्रत्येक नगर परिषदेत आजही आहेत. ती प्रभागवार एकत्र जुळविली तर किती घरांत चूल पेटते, किती घरांना कुलूप आहे, किती घरांत साठीपुढील माणूस एकटा आहे आणि किती घरांतील दोन्ही कमावती माणसे रोज लोकलने जातात, याचा पुरेसा विश्वसनीय तक्ता दरसाल काढता येईल. नावे-गावे प्रसिद्ध करू नयेत, आकडे मात्र प्रभागसभेत वाचून दाखवावेत. असाच तक्ता रत्नागिरीने काढावा, आणि रत्नागिरी व बदलापूर या दोन शहरांनी तो परस्परांस पाठवावा, म्हणजे एका टोकाला एकटे राहिलेले म्हातारे आणि दुसऱ्या टोकाला आजीवाचून वाढणारी मुले ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत हे दोन्हीकडील कारभाऱ्यांना कळेल.

चिखलोलीपासून हे काम सुरू करावे असे मी सुचवितो. स्थानक होणार म्हटल्यावर जमिनीचे भाव आधी वाढतात, मग इमारती, मग माणसे; आणि मूळचा गावकरी, डोंगराकडील पाड्यावरचा ठाकूर किंवा कातकरी, तो मोजला जाण्यापूर्वीच बाजूस सरकतो. गाडी थांबू लागण्याच्या आधीची या गावची वस्ती, पाड्यांसह, घराघरांत जाऊन एकदा लिहून ठेवली तर पुढील दहा वर्षांत काय बदलले हे सांगण्यास एक पक्का आधार राहील. ती नोंद करण्यास परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी पुरेसे आहेत, खर्चही फार नाही, आणि नगर परिषदेने मनावर घेतले तर मालमत्ता कराच्या पुढच्या आकारणीबरोबरच तिचा आरंभ करता येईल.